परवडणारी परावर्तक दुर्बीण गच्चीवर कशी तपासावी? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं ७६ ते १५० मि.मी. आरशाच्या, साधारण पंचवीस हजारांच्या आतल्या न्यूटोनियन (तळाशी मोठा आणि तोंडाजवळ छोटा तिरका आरसा असलेल्या) दुर्बिणींसाठी आहेत. फोटोग्राफीचा विचार यात नाही, फक्त डोळ्यांनी बघणं. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: स्वस्त दुर्बिणीत आरसा बहुतेक वेळा ठीक असतो. गडबड असते ती स्टँडमध्ये, आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात), आरशांच्या जुळणीत आणि आपल्या तापलेल्या स्लॅबमध्ये. म्हणून हे चार संशयित एकेक करून बाजूला काढायचे आणि मगच आरशावर बोट ठेवायचं.

खोक्यावर ५२५ पट लिहिलंय. खरं का?

गणित खरं, उपयोग शून्य. ७०० मि.मी. नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा बनते तिथपर्यंतचं अंतर) भागिले ४ मि.मी. आयपीस म्हणजे १७५ पट. त्याला तीनपट बार्लो (पट वाढवणारं जोडभिंग) लावली की ५२५. पण ७६ मि.मी. आरशाची झेप दीडशे पटीपर्यंतच. ढोबळ हिशोब असा: आरशाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे जास्तीत जास्त दोन पट, तेही हवा अगदी स्थिर असताना. ११४ मि.मी.ला सव्वादोनशे, १३० ला अडीचशे. रोजच्या वापरात यातलं निम्मंच लागतं. सोबत आलेली ४ मि.मी. आयपीस आणि प्लास्टिकची तीनपट बार्लो तपासणीच्या वेळी खोक्यातच ठेवा. त्यांच्यातून बघून आरशाबद्दल काही ठरवणं म्हणजे आरशावर अन्याय आहे.

घेण्याआधी मापांवरून काही कळतं का?

बरंच कळतं. स्वस्त आरसे पुष्कळदा परवलयी (पॅराबोलिक) नसतात, गोलीय असतात. गोलीय आरसा कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूवर आणत नाही. ही चूक किती होईल ते व्यास आणि नाभीय अंतर यांवरून काढता येतं. चांगल्या प्रतिमेसाठी ती प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पाव हिश्श्याच्या आत हवी.

७६/७०० मध्ये (व्यास/नाभीय अंतर, मि.मी.मध्ये) ती जेमतेम बारावा हिस्सा भरते, म्हणजे गोलीय आरसासुद्धा उत्तम. ११४/९०० मध्ये साधारण पाचवा हिस्सा, तीही पास. १३०/९०० मध्ये तिसरा हिस्सा होतो. चंद्र-गुरू छान दिसतील, पण जास्त पटीला किंचित मऊपणा येईल. १३०/६५० मध्ये मात्र चूक जवळजवळ एक पूर्ण तरंगलांबीची होते. त्यामुळे १३०/६५० घेताना आरसा परवलयी आहे असं माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. विक्रेता "तसाच असेल" म्हणत असेल तर घेऊ नका.

आणखी एक सापळा. नाभीय अंतर १००० मि.मी. लिहिलेलं आणि नळी मात्र हातभर लांबीची, असं दिसलं तर ती बर्ड-जोन्स रचना. आरसा आखूड नाभीचा आणि गोलीय, आणि फोकसरच्या (आयपीस आत-बाहेर करणाऱ्या नळीच्या) तळाशी एक भिंग बसवलेलं. कागदावर हे भिंग दोष सुधारतं. स्वस्त उत्पादनात ते नीट बसवलेलं नसतं आणि जुळणी करणं डोकेदुखी होते. या किमतीत ही रचना टाळावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुर्बीण घरी आली. पहिल्या दिवशी दिवसाउजेडी काय तपासायचं?

आधी एक धोका. नळी सूर्याच्या दिशेला चुकूनही वळवू नका आणि उन्हात उघडी ठेवू नका. आयपीसला लावायची छोटी काळी "सन" काच सोबत आली असेल तर फोडून कचऱ्यात टाका. एकवटलेल्या उष्णतेने ती तडकते आणि डोळा जातो. सूर्य बघायचा तर नळीच्या तोंडावर पूर्ण बसणारा खात्रीचा फिल्टरच लागतो.

आता तपासणी. अर्धा किलोमीटर तरी दूर असलेली पाण्याची टाकी किंवा मोबाइल टॉवर घ्या. सूर्य पाठीशी असावा. २५ आणि १० मि.मी. दोन्ही आयपीसवर फोकस मिळतो का ते बघा, आणि फोकसरला दोन्ही बाजूंनी थोडी चाल उरते का तेही. फोकसर आत-बाहेर करताना टॉवर दृष्टिक्षेत्रात बाजूला सरकत असेल तर फोकसरमध्ये खेळ आहे. रुळावरचा स्क्रू हलका आवळला की पुष्कळदा तो जातो. प्रतिमा उलटी दिसणं हा दोष नाही. न्यूटोनियनमध्ये ती उलटीच असते.

मग सुमारे ९० पटीला नळीच्या बाजूवर बोटाने हलकी टिचकी मारा आणि प्रतिमा थरथरायची किती सेकंदात थांबते ते मोजा. दोन-तीन सेकंद चालतील. पाच-सहा सेकंद लागत असतील तर फोकस करणंच अवघड होईल. तिवईचे पाय पूर्ण आत घ्या, मधल्या ट्रेला पाच किलो वाळूची पिशवी टांगा, पायांखाली जुन्या हवाई चपलेचे तुकडे ठेवा. एवढ्याने थरथर बऱ्यापैकी निवते. याच वेळी फाइंडरही (नेम धरायचं छोटं साधन) जुळवून घ्या. रात्री अंधारात ते काम करायला बसलात तर निम्मी रात्र जाते.

कॉलिमेशन (आरशांची जुळणी) केलंय असं दुकानदार म्हणतो. मग परत का करायचं?

ट्रान्सपोर्टच्या ट्रकमधून आलेली दुर्बीण जुळलेली राहीलच असं नाही. पद्धत अवघड नाही. फोकसरमध्ये नेमकं बसेल असं प्लास्टिकचं झाकण घ्या, त्याच्या बरोबर मध्ये दोन मि.मी.चं भोक पाडा आणि त्यातून आत बघा.

आधी दुय्यम, म्हणजे तिरका आरसा फोकसरच्या नळीत मधोमध आणि गोल दिसतोय का ते पाहा. मग त्याचे तीन छोटे स्क्रू थोडे थोडे फिरवून मुख्य आरशाच्या तिन्ही क्लिपा त्यात सारख्या दिसू द्या. शेवटी मागचे तीन स्क्रू फिरवून भोकाचं प्रतिबिंब मुख्य आरशाच्या मध्यखुणेवर आणा. मध्यखूण नसेल तर आरसा काढून, कागदी वर्तुळाची चारपदरी घडी घालून मध्य शोधायचा आणि फाइलच्या कागदाला लावतात ती गोल चिकट चकती तिथे लावायची. तो भाग तिरक्या आरशाच्या सावलीतच असतो, त्यामुळे प्रकाश वाया जात नाही.

एफ/५ दुर्बिणीत (नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट, जशी १३०/६५०) तिरक्या आरशाची काळी सावली किंचित मुख्य आरशाच्या बाजूला सरकलेली दिसते. ती तशीच असायला हवी. ती मध्यावर आणण्याच्या नादात लोक जुळलेली दुर्बीण बिघडवतात. लेझर वापरत असाल तर आधी तो फोकसरमध्ये गोल फिरवून बघा. ठिपका जागेवर न राहता वर्तुळ काढत असेल तर लेझरच वाकडा आहे. जुळणीतली चूक एफ/८ दुर्बीण एफ/५ पेक्षा सुमारे चौपट माफ करते. नवशिक्याला ११४/९०० सुचवण्याचं हेही एक कारण.

गच्चीवरून गुरू उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो. आरसा खराब?

जवळजवळ नक्कीच नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ही उष्णता पितो आणि मध्यरात्रीनंतरही सोडत राहतो. त्यावरून उठणारी गरम हवा थेट तुमच्या नळीसमोरून जाते. पत्रा लवकर निवतो, स्लॅब आणि दगडी फरशी नाही. त्यामुळे शेजारच्या रुंद स्लॅबवरून बघण्यापेक्षा पत्र्याच्या शेडवरून बघणं बरं. मातीचं अंगण किंवा मोकळा प्लॉट असेल तर गच्चीपेक्षा तोच निवडा, आकाश थोडं कमी दिसलं तरी.

गच्चीच वापरायची तर दिवस मावळतानाच पाणी मारा, बघायला बसण्याच्या तोंडावर नको. तपासणी रात्री अकरानंतर, शक्यतो पहाटे करा. हिवाळ्यात उलटा प्रश्न असतो: खोलीतली उबदार दुर्बीण बाहेर आणली की आरसाच हवेपेक्षा गरम असतो. ११४ मि.मी.ला अर्धा-पाऊण तास, १५० ला तासभर, झाकण काढून नळी आडवी ठेवा. कूलर किंवा एसीच्या खोलीतून काढलेल्या दुर्बिणीलाही तेवढाच वेळ द्या.

दोष हवेचा की आरशाचा, हे ओळखायची खूण सोपी आहे. हवेचा दोष क्षणाक्षणाला बदलतो. आरशाचा दोष आज, उद्या आणि परवा, त्याच जागी तसाच दिसतो.

तारा-चाचणी म्हणजे नेमकं काय करायचं?

आरशाबद्दल सर्वांत जास्त सांगणारी चाचणी हीच, आणि तिला एक पैसाही लागत नाही. डोक्यावर आलेला ठळक तारा घ्या. सोलापूरचा अक्षांश १७.७ अंश, त्यामुळे रोहिणी आणि स्वाती हे दोन्ही तारे आपल्या जवळपास माथ्यावरून जातात आणि तिथे हवेचा थर सर्वांत पातळ असतो. डिसेंबर-जानेवारीत रोहिणी, मे-जूनमध्ये स्वाती. डॉबसोनियन (वर-खाली आणि गोल फिरणाऱ्या साध्या बैठकीवरची दुर्बीण) नेमकी माथ्यावर फिरवताना अडखळते. तारा माथ्यापासून पंधरा-वीस अंश सरकू द्या.

१० मि.मी. आयपीस आणि बऱ्यापैकी दुप्पट बार्लो लावा: ९०० मि.मी. दुर्बिणीत १८० पट होतात. स्टँडला मोटर नसेल तर तारा मिनिटभरात क्षेत्राबाहेर जातो, त्यामुळे तो कडेला ठेवून मध्यावर येण्याची वाट बघायची. निष्कर्ष फक्त मध्यावर असतानाचेच. एफ/५ मध्ये कडेला प्रत्येक ताऱ्याला धूमकेतूसारखं शेपूट फुटतं, ते रचनेतच आहे.

आता फोकस किंचित बिघडवा, चार-पाच कडी दिसतील इतकंच. एफ/५ मध्ये त्यासाठी फोकसर अर्धा मिलिमीटर हलवावा लागतो, एफ/८ मध्ये सुमारे दीड. हीच गोष्ट फोकसच्या आत आणि बाहेर, दोन्ही बाजूंना करा आणि दोन चित्रांची तुलना करा. दोन्हीकडे सारखी, गोल, एककेंद्री कडी आणि मधोमध तिरक्या आरशाची काळी सावली असेल तर आरसा चांगला. आयुष्यभर वापरा.

फरक असेल तर तो नीट वाचावा लागतो. फोकसर आत घेतल्यावर बाहेरचं कडं ठळक आणि सावली मोठी, बाहेर काढल्यावर कडा धूसर आणि मधला भाग उजळ, असं असेल तर आरसा गोलीयपणाकडे झुकतो. थोडा फरक ११४/९०० मध्ये दिसणारच. वर सांगितलेला पाचवा हिस्सा तो हाच. कडी एका बाजूला दाटली असतील तर जुळणी बाकी आहे, आरसा नाही. एका बाजूला पिसारा फुटलेला आणि हळूहळू हलणारा दिसत असेल तर नळीत गरम हवा आहे. अजून अर्धा तास थांबा.

कडी त्रिकोणी दिसतात.

ही तक्रार ऐकून आम्हाला बरं वाटतं, कारण हिचा इलाज पाच मिनिटांचा. मुख्य आरशाच्या तीन क्लिपा कारखान्यात फार घट्ट आवळल्या गेल्या आहेत आणि काच वाकली आहे. मागची कड काढून आरसा त्याच्या बैठकीसकट बाहेर घ्या. क्लिपेचे स्क्रू इतके सैल करा की क्लिप आणि काच यांच्यामध्ये साधा कागद सहज सरकेल. आरसा खडखडता कामा नये, पण दाबलेलाही नको. नंतर कॉलिमेशन पुन्हा करावंच लागेल.

कडी लंबगोल दिसतात आणि फोकसच्या दुसऱ्या बाजूला लंबगोल आडवा होतो.

हा दृष्टिवैषम्याचा दोष, पण कोणाचा? आधी डोकं तिरकं करा. लंबगोल डोक्याबरोबर फिरला तर दोष तुमच्या डोळ्यात, चष्मा लावून बघा. मग आयपीस फिरवा. त्याच्याबरोबर फिरला तर आयपीस बदला. दोन्हींमुळे काही फरक पडला नाही तर मुख्य आरसा बैठकीत एक-तृतीयांश फिरवून पुन्हा बसवा. लंबगोलही तेवढाच फिरला तर आरसा सदोष. न फिरल्यास तिरका आरसा ताणाखाली आहे किंवा त्याचा पृष्ठभाग सपाट नाही. दुर्बीण परत करण्याइतका गंभीर दोष हाच. बाकी बहुतेक घरी सुटतात.

ध्रुवताऱ्यावर चाचणी केली तर? तो हलत नाही ना.

हलत नाही हे सोयीचं, पण सोलापुरात तो क्षितिजापासून जेमतेम अठरा अंश वर असतो. माथ्यावरच्या ताऱ्याच्या तिपटीहून जास्त हवेतून त्याचा प्रकाश येतो. उत्तरेकडे शहराचे दिवे आणि तापलेली घरं असतील तर चाचणी हवेची होते, दुर्बिणीची नाही. जुळणी बघायला तो चालेल. आरशाची परीक्षा त्याच्यावर नको.

जुलैत दुर्बीण आली, आकाश ढगांनी भरलेलं आणि परत करायची मुदत दहा दिवसांची. काय करू?

खरं तर दुर्बीण ऑक्टोबरात मागवावी. पण आलीच असेल तर उघडीप मिळताच सकाळी कृत्रिम तारा करा. सायकलच्या दुकानातून पाव इंची चकचकीत छर्रा आणा, काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवा आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात तीस-चाळीस मीटरवर ठेवा. सूर्य तुमच्या पाठीशी आणि दुर्बीण सावलीत. छर्ऱ्यात दिसणारा सूर्याचा ठिपका मिलिमीटरच्या साठाव्या-सत्तराव्या भागाएवढा असतो, त्यामुळे तीस मीटरवरून तो दुर्बिणीला ताऱ्यासारखाच दिसतो.

एक अडचण येते: जवळच्या वस्तूसाठी फोकसर जास्त बाहेर काढावा लागतो. तीस मीटरवर ९०० मि.मी. दुर्बिणीला सुमारे २८ मि.मी., पन्नास मीटरवर १६-१७. फोकसर पुरला नाही तर आयपीस नळीतून थोडी वर ओढून स्क्रूने आवळा. ऊन चढलं की जमिनीवरची हवा नाचायला लागते, म्हणून आठच्या आत उरका.

जोडताऱ्यांवर परीक्षा घ्यायची तर कोणते?

सोप्याकडून अवघडाकडे जा. सप्तर्षींतला वसिष्ठ: दोन ताऱ्यांत १४ विकलांचं अंतर (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), तो ४० पटीला सुटलाच पाहिजे. पुनर्वसूतला कॅस्टर साडेपाच विकलांच्या आसपास, ८० ते १०० पट. कन्या राशीतला पोरिमा: दोन सारखे तारे, तीन विकलांपेक्षा जरा जास्त अंतर. २००५ मध्ये हे दोघे इतके जवळ आले होते की लहान दुर्बिणीत एकच दिसत; आता दरवर्षी दूर जात आहेत. शेवटी स्वरमंडळातला एप्सिलॉन. आधी दोन तारे, आणि १२० पटीच्या पुढे त्यातला प्रत्येक पुन्हा दोन, सव्वादोन विकलांच्या आसपास. ११४ मि.मी. आरशाची मर्यादा जवळपास एका विकलेची. म्हणजे हे चारही सुटायलाच हवेत. पोरिमा सुटतो आणि एप्सिलॉन नाही, असं झालं तर पहिला संशय त्या रात्रीच्या हवेवर घ्या.

मृगातल्या राजन्य (रायजेल) ताऱ्याचा सोबती वेगळ्या प्रकारची परीक्षा घेतो. अंतर साडेनऊ विकला, पण मुख्य तारा त्याच्यापेक्षा शेकडो पट तेजस्वी. घाणेरडी आयपीस किंवा नळीत भटकणारा प्रकाश असेल तर तो झगमगाटात हरवतो. शनीच्या कड्यांतली कॅसिनी फट मात्र सध्या परीक्षेला घेऊ नका. मार्च २०२५ मध्ये कडी आपल्याकडे धार करून होती, ती पुरेशी उघडायला वेळ लागेल. फट दिसली नाही म्हणून दुर्बीण नापास होत नाही.

खोक्यावरचं नाभीय अंतर खरं आहे का, घरी मोजता येईल?

घड्याळ पुरे. मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत आधी उगवणारा तारा खगोलीय विषुववृत्ताला अगदी लागून आहे. स्टँड स्थिर ठेवून तो २५ मि.मी. आयपीसच्या क्षेत्रात व्यासावरून एका कडेकडून दुसऱ्या कडेला जाऊ द्या. तारा चार मिनिटांत एक अंश सरकतो. ५२ अंशी (डोळ्याला दिसणाऱ्या क्षेत्राचा कोन) आयपीस आणि ९०० मि.मी. नाभीला पावणेसहा मिनिटं लागतात. साडेचार मिनिटांतच पार झाला तर दृष्टिक्षेत्र अरुंद आहे: एकतर आयपीसचा कोन ५२ नाही, किंवा नाभीय अंतर जास्त आहे. दुसऱ्या माहीत आयपीसने मोजलं की कोण खोटं बोलतंय ते कळतं.

इक्वेटोरिअल स्टँड (ज्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखतात) १७.७ अंशांवर लावला की वजनाचा दांडा पायावर आपटतो.

हे स्टँड युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांचा विचार करून बनवलेले असतात. आपल्याकडे ध्रुवअक्ष जवळजवळ आडवा पडतो आणि दांडा उत्तरेकडच्या पायालगत लोंबतो. पुस्तिकेत एक पाय उत्तरेला करायला सांगितलेलं असलं तरी इथे उलटं करा: एक पाय दक्षिणेला, आणि उत्तरेच्या दोन पायांमधल्या मोकळ्या जागेतून दांडा फिरू द्या. वजनही त्या दोन पायांवर नीट पेलतं. अक्षांश कमी करताना नळी आणि वजनं आधी उतरवा, नाहीतर अंशाचा बोल्ट वाकतो. हे सगळं नको असेल तर टेबलावरची डॉबसोनियन घ्या. त्याच पैशात आरसा मोठा मिळतो आणि स्टँड कमी थरथरतो.

शहरातून काय दिसेल आणि काय नाही?

चंद्र, ग्रह आणि जोडताऱ्यांना रस्त्यावरचे दिवे फारसे आडवे येत नाहीत. डोक्यावरून सोलापुरी चादर घेतली की शेजारच्या हॅलोजनचा त्रास संपतो. टॉवेलपेक्षा ती दाट असते. फोकसरच्या समोर नळीच्या आत काळा मखमली कागद लावला की चंद्राभोवतीचा धूसरपणाही उतरतो. दीर्घिका आणि अंधूक तेजोमेघ मात्र शहरातून निराशा करतात. त्यासाठी बार्शी किंवा अक्कलकोट रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटर बाहेर, ओळखीच्या शेतात जा. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय थांबू नका. संक्रांतीला गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या बाजूच्या गच्चीवरून तपासणी काढूच नका. धूर आणि धूळ दोन्ही असतात.

दक्षिण क्षितिज मोकळं असेल तर सोलापूरला एक मोठा फायदा आहे. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ इथून २५ अंशांपर्यंत वर येतो. मे महिन्याच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास तो नेमका दक्षिणेला असतो. ११४ मि.मी.मध्ये ७० ते ९० पटीला त्याच्या कडा दाणेदार होऊ लागतात. युरोपातल्या बहुतेक निरीक्षकांच्या क्षितिजावर तो येतच नाही.

आरशावर धूळ बसलीये. पुसू का?

कोरड्या फडक्याने कधीच नाही. आपल्याकडच्या धुळीत बारीक खडे असतात, एका फटक्यात ओरखडे उमटतील. पातळ थराने प्रतिमेत डोळ्यांना जाणवेल असा फरक पडत नाही. दोन-तीन वर्षांनी धुवायची वेळ आली तर आरसा काढा आणि हातातली अंगठी-कडंही. आधी नळाच्या कोमट पाण्याची धार सोडून सुटी धूळ वाहू द्या. मग पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून, भिजलेला शुद्ध कापूस फक्त स्वतःच्या वजनाने ओढत न्या, दर फेरीला नवा. शेवटी डिस्टिल्ड वॉटर ओता आणि आरसा उभा करून वाळू द्या. सोलापूरचं बोअरचं पाणी शेवटच्या धुण्याला वापरलं तर क्षाराचे पांढरे डाग राहतात.

पावसाळ्यात दुर्बीण कशी ठेवायची?

कोरडी करून, दोन्ही तोंडं झाकून, नळी आडवी. आत शंभर ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत ठेवा. निळा रंग गुलाबी झाला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. नळी प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका, आत अडकलेल्या दमटपणाने बुरशी येते. आयपीस वेगळ्या हवाबंद डब्यात ठेवा, बुरशी आधी त्यांच्यावरच चढते. लोखंडी कपाटाच्या माथ्यावर ठेवायचा मोह टाळा: दिवसभर तापणाऱ्या छताखाली तिरक्या आरशाचा गोंद सैल होतो आणि तो आरसा सुटून मुख्य आरशावर पडू शकतो. ऑक्टोबरात बाहेर काढल्यावर नळी उभी करण्याआधी तिरका आरसा बोटाने हलकेच चाचपून बघा.